सावली आणि सवड

अमरावती विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षांचा हंगाम येतो तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातला सागवान निष्पर्ण उभा असतो. जिल्ह्याच्या जंगलाची ओळख ज्या झाडावर, तेच झाड विद्यार्थ्याला सावलीची सर्वात जास्त निकड असते त्या महिन्यांत सावली देत नाही. पारा ४४-४५ अंशांवर, आवारातले सिमेंटचे पेव्हर ब्लॉक तापलेले, घाटंजी-आर्णी-दारव्ह्याकडे जाणारी एसटी केव्हा लागेल याचा नेम नाही, आणि पेपर सुटल्यावर थांबायचं तर जिन्याखाली नाहीतर सायकल स्टँडच्या पत्र्याखाली. निसर्गाच्या सहवासाने विद्यार्थ्यांचं आणि शिक्षकांचं मानसिक आरोग्य सुधारतं असं सांगणारं संशोधन गेल्या चाळीस वर्षांत जगभर साठलं आहे. विद्यापीठांनी ते अमलात कसं आणावं यावर परिषदा भरतात, मार्गदर्शिका निघतात. यवतमाळमध्ये त्या संशोधनाचा अर्थ लावायचा असेल तर सुरुवात या जिन्याखालच्या जागेपासून करावी लागेल. माझं म्हणणं असं, की इथल्या महाविद्यालयांना नवा उपक्रम नको, झाडांमध्ये शांतपणे वेळ घालवण्याच्या ‘वनस्नाना’ची कार्यशाळा नको आणि आणखी एक वृक्षारोपणाचा फोटोही नको. हवी आहे ती मार्च ते जून टिकणारी सावली आणि त्या सावलीत बसायला वेळापत्रकाने दिलेली सवड. ऐकायला हे किरकोळ वाटतं. करायला गेलं की किती जणांच्या सवयी आड येतात ते कळतं.

या विषयातला सर्वात गाजलेला अभ्यास विद्यापीठातला नाही, दवाखान्यातला आहे. रॉजर अल्रिक यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या या दोन पानी निबंधाने पुढच्या साऱ्या संशोधनाला वाट करून दिली. आपल्या विषयाला जास्त जवळचा प्रयोग २००८ चा. मिशिगन विद्यापीठात मार्क बर्मन, जॉन जोनाइड्स आणि स्टीफन कॅप्लन यांनी ३८ विद्यार्थ्यांना एकदा वृक्षोद्यानातून आणि एकदा शहरातल्या रहदारीच्या रस्त्यावरून सुमारे तासभर चालवलं. आधी आणि नंतर एक साधी चाचणी घेतली: ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणून दाखवायचे. झाडांमधून फिरून आल्यावर गुण स्पष्टपणे वाढले, रस्त्यावरून आल्यावर तसे वाढले नाहीत. याचं स्पष्टीकरण स्टीफन आणि रेचल कॅप्लन या दांपत्याने १९८९ मध्येच मांडून ठेवलं होतं. लक्ष दोन तऱ्हेचं असतं. एक आपण ओढून लावतो. पाठांतर करताना, उत्तरपत्रिका तपासताना, पोर्टलवर माहिती भरताना लागतं ते, आणि ते वापरून थकतं. दुसरं आपसूक लागतं. हलणारी पानं, खारीची धावपळ, सरकणारा ढग यांच्यावर. दुसरं चालू असतं तेवढा वेळ पहिल्याला विसावा मिळतो. रस्त्यावरही नजर आपोआप वेधली जाते, पण तिथे हॉर्न वाजला की जीव वाचवण्यासाठी लक्ष द्यावंच लागतं. मिशिगनच्या प्रयोगातला एक तपशील मला सर्वात मोलाचा वाटतो. काही विद्यार्थ्यांना कडाक्याच्या थंडीत चालावं लागलं, त्यांना त्यात मजा आली नाही, तरी त्यांचे गुण वाढलेच. म्हणजे लक्षाला विसावा मिळण्यासाठी मनाला आनंद वाटलाच पाहिजे असं नाही.

किती वेळ पुरतो, यावरही काम झालं आहे. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीवर आधारलेला, २०१९ मध्ये आलेला निबंध सांगतो की आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. हा वेळ एकदम घालवला काय आणि तुकड्यातुकड्यांनी घालवला काय, फरक दिसला नाही. २०२० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी महाविद्यालयीन वयाच्या मुलांवरचे १४ अभ्यास एकत्र तपासून म्हटलं की बसून किंवा चालून घालवलेली १० मिनिटंही उपयोगी पडतात. या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. इंग्लंडच्या पाहणीत कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सांगता येत नाही. ज्यांची तब्येत बरी तेच बाहेर जास्त पडत असतील. कॉर्नेलच्या १४ अभ्यासांतले बहुतेक जपानमधले, उरलेले अमेरिका आणि स्वीडनचे. भारतातला एकही नाही. शिवाय औषधाच्या चाचणीत जशी खोटी गोळी देता येते तसं खोटं झाड दाखवता येत नाही, त्यामुळे ‘आपण झाडाखाली बसलो म्हणून बरं वाटायला हवं’ ही अपेक्षा निकालात मिसळतेच. एवढी काटछाट केल्यावर जे हातात उरतं ते माफक आहे, पण उपयोगाचं आहे. परिणाम लहान असतो, लवकर मिळतो आणि लवकर ओसरतो. म्हणून तो रोज, जवळ आणि थोडा थोडा मिळायला हवा. वर्षातून एकदा टिपेश्वर अभयारण्यात नेलेली सहल चांगलीच, पण या हिशेबात तिची जमा फार नाही.

आता हे सगळं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठ्या विद्यापीठाचं आवार असतं. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला तसं आवार आहे. १ मे १९८३ ला स्थापन झालेल्या या विद्यापीठाची जागा सुमारे ४७० एकर आहे, आणि आवारात बिबट्या फिरकल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. पण यवतमाळच्या विद्यार्थ्याचा तिथे संबंध येतो तो पदवी प्रमाणपत्रासाठी, नाहीतर गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करायला. विद्यापीठ त्याच्यापासून नव्वद किलोमीटरवर. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा इथे त्याला भेटतं ते संलग्न महाविद्यालय. शहरातलं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं, कृषी जैवतंत्रज्ञानाचं महाविद्यालय अकोल्याच्या कृषी विद्यापीठाशी. अमरावती, अकोला, नाशिक, तिन्ही विद्यापीठं जिल्ह्याबाहेर. त्यामुळे ‘विद्यापीठाने हरित परिसराचं धोरण आखावं’ या वाक्याचा इथे एवढाच अर्थ होतो की एक परिपत्रक ईमेलने येईल आणि त्याचा अनुपालन अहवाल ईमेलने जाईल. इथल्या महाविद्यालयाचं आवार काही एकरांचं, त्यात इमारत, वाहनतळ आणि मैदान. निर्णय प्राचार्यांचा, वेळापत्रक समितीचा आणि संस्थेच्या कार्यकारिणीचा. जे करायचं ते या तिघांच्या हातातलं असलं पाहिजे.

यवतमाळमध्ये हा विषय काढला की पहिला आक्षेप तयारच असतो, आणि तो वजनदार आहे. इथली बरीचशी मुलं शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरची. त्यांना निसर्गाचं काय कौतुक सांगता? आभाळ ती लहानपणापासून पाहत आलेली आहेत; जुलैत दुबार पेरणी टळते का म्हणून, आणि दिवाळीच्या सुमारास फुटलेला कापूस भिजतो का म्हणून. सीतादही, म्हणजे कापूसवेचणीच्या मुहूर्ताची पूजा, होऊन वेचणी सुरू झाली की वर्गातली हजेरी पातळ होते, ती काही निसर्गरम्यतेच्या ओढीने नव्हे. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ ला सहकुटुंब केलेली आत्महत्या राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पोचले. पुढच्याच वर्षी राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसांच्या मृत्यूशी नाव जोडल्या गेलेल्या अवनी वाघिणीचं प्रकरण २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घालून संपवलं गेलं. तोवर त्या गावांमध्ये संध्याकाळी एकट्याने शेतात जायची सोय नव्हती. शहरी माणसाला ज्या रानात शांतता सापडते तिथे या मुलांना कर्ज, विष आणि वाघ दिसत असेल, तर दोष त्यांच्या नजरेचा नाही.

आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख शेतावर आहे. शेत हे कामाचं ठिकाण. तिथे ओढून लावलेलं लक्षच खर्च होतं: तण कुठे वाढलं, रानडुकरं कुठून घुसली, रात्रीची वीज किती वाजता येणार. कॅप्लन यांच्या भाषेत सांगायचं तर शेतकऱ्याचं शेत आणि शिक्षकाचं पोर्टल एकाच जातीची. आणि हा भेद वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला अमेरिकेतल्या कुणी शिकवायला नको. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, निंबाचं नाहीतर आंब्याचं एक झाड तो राखतो. त्या झाडाच्या सावलीने पिकाच्या दोन-तीन ओळी मार खातात हे त्याला ठाऊक असतं, तरी ते तोडत नाही. दुपारची शिदोरी तिथे सुटते, बैल तिथे बांधले जातात, तासभर पाठ टेकवली जाते. शिवारातलं कामाचं रान वेगळं आणि विसाव्याचं झाड वेगळं, ही वाटणी इथे मुरलेली आहे. महाविद्यालयात मात्र त्या शेतकऱ्याच्या मुलीला धुऱ्यावरच्या झाडाच्या तोलाचं काहीच मिळत नाही. ज्याच्यापासून उत्पन्नाची अपेक्षा नाही, ज्याची काळजी तिला वाहायची नाही, अशा झाडाखाली तिने पंधरा मिनिटं काढली आणि तिला ‘निसर्गाचा आनंद’ वगैरे काही वाटला नाही, तरी मिशिगनच्या थंडीतल्या विद्यार्थ्यांप्रमाणे तिच्या थकलेल्या लक्षाला विसावा मिळू शकतो.

मग झाडं नाहीत का? आहेत की. महाराष्ट्रात १ जुलैला झाड लावण्याचा उत्साह असतो. तो कृषी दिन, पुसद तालुक्यातल्या गहुलीत १९१३ साली जन्मलेल्या वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. त्याच तारखेला २०१६ मध्ये राज्य सरकारने दोन कोटी झाडं लावण्याची मोहीम सुरू केली; पुढच्या तीन वर्षांची लक्ष्यं चार, तेरा आणि तेहतीस कोटींची होती, आणि राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं त्यात खड्डे खणायला होतीच. त्यावर महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या ‘नॅक’चं मूल्यांकन. त्यात हरित परिसराला गुण आहेत, ग्रीन ऑडिट आहे, म्हणून आवारातलं झाड मोजलं जातं, त्याला शास्त्रीय नावाची पाटी लागते, क्यूआर कोडही चिकटतो. फक्त त्याच्याखाली कुणी बसतं का, हे कुठल्याच रकान्यात विचारलेलं नसतं. त्यामुळे झाडांची निवड पाहुण्यांच्या गाडीतून दिसेल अशी होते. प्रवेशद्वारापासून इमारतीपर्यंत उभ्या अशोकाची रांग, ज्याची सावली बुंध्यापुरती. मध्ये बॉटल पाम, त्याचीही तीच गत. कुंपणाला कोनोकार्पस. समोर लॉन, आणि लॉनवर ‘आत जाऊ नये’ अशी पाटी. जिल्ह्याचा मानबिंदू म्हणून सागवान लावला तर तो फेब्रुवारीपासूनच बोडका होऊ लागतो. पळस सुंदर फुलतो, पण फुलतो तो पानं झाडूनच. उन्हाळी परीक्षेच्या हिशेबाने पाहिलं तर कामाची झाडं वेगळीच निघतात: निंब, करंज, चिंच, वड, पिंपळ. निंबाची पानं उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात आणि ऊन चढेपर्यंत नवी पालवी दाट झालेली असते; करंजही लगेच मागून हिरवा होतो. रोपवाटिकेत ही रोपं स्वस्त, आणि त्यांना कुणी विचारत नाही कारण ती गावात कुठेही दिसतात. सावलीने हवेचा पारा फार उतरत नाही, एखाद-दोन अंश. पण अंगावर येणारी उन्हाची तिरीप आणि जमिनीतून परतणारी झळ अडते, आणि माणसाला उष्णता जाणवते ती मुख्यतः या दोन वाटांनी. म्हणून पेव्हर ब्लॉकही काढावे लागतील. निदान झाडाच्या घेराखालचे तरी. बुंध्याला सिमेंटचा गळफास लावून ‘सुशोभीकरण’ करण्याची जी पद्धत पडली आहे तिच्याबद्दल चार शब्द कडक बोलता येतील, पण जागा थोडी आहे.

पाण्याचा आक्षेप याच ओघात निकाली निघतो. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणं आटून यवतमाळ शहराचे पिण्याच्या पाण्याचे हाल झाले होते. अशा गावात आवार हिरवं ठेवण्याचा आग्रह धरणं बेजबाबदारपणाचं, असं कुणी म्हणेल तर लॉनपुरतं ते शंभर टक्के बरोबर आहे. लॉन रोज पाणी पितं आणि सावली शून्य देतं. निंब-करंजाला पहिले दोन-तीन उन्हाळे जगवलं की पुढे टँकर लागत नाही. अडचण त्या पहिल्या उन्हाळ्यांचीच असते, कारण जुलैत रोप लावणारी मुलं एप्रिलमध्ये परीक्षेत आणि मेमध्ये गावी असतात. म्हणून शंभर रोपांचा समारंभ करण्यापेक्षा पुरुषभर उंचीची दहा रोपं लावून त्यांच्या उन्हाळी पाण्याची जबाबदारी पगारी माळ्याकडे लेखी देणं शहाणपणाचं. आणि ज्या जुन्या महाविद्यालयांच्या आवारात पन्नास-साठ वर्षांचे निंब आधीच उभे आहेत, त्यांनी दहा रोपंसुद्धा लावू नयेत. त्या निंबांना पार बांधावेत. ओबडधोबड दगडी पार चालतो, गुडघ्याएवढा उंच, पाठ टेकायला बुंधा, बसल्यावर पाय जमिनीला लागतील असा. नवी वाहनतळाची शेड त्या झाडाच्या जागी येणार नाही एवढं मात्र पाहिलं पाहिजे.

सावलीपेक्षा अवघड भाग सवडीचा. पंधरा मिनिटांची सुट्टी वेळापत्रकात असते, पण ती चहा आणि झेरॉक्सच्या रांगेत संपते. शिक्षकांना तीही नसते. नॅकचा वार्षिक अहवाल, शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशाची पोर्टलं यांत ती बुडते. यावर नवी तासिका मागायची गरज नाही, कारण दोन जागा आधीच राखून ठेवलेल्या आहेत आणि आपण त्या कागदावर वापरतो. पहिली, पर्यावरणशास्त्राचा सक्तीचा पेपर. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालातून तो पदवीला आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी तयार केलेल्या मूळ अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला होते आणि त्यासाठी पाच व्याख्यानांचा वेळ राखला होता. त्या वेळाचं पुढे काय झालं हे झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणाऱ्या प्रकल्पवह्या सांगतात. दुसरी जागा ‘मेंटॉर-मेंटी’ योजनेची. प्रत्येक शिक्षकाकडे ठरावीक विद्यार्थी, त्यांच्या नियमित भेटी, भेटींची नोंद. हे नॅकला दाखवावं लागतं, म्हणून रजिस्टर असतं आणि सह्याही असतात. ही भेट स्टाफरूममध्ये टेबलापलीकडे उभं राहून होण्याऐवजी निंबाच्या पारावर, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी झाली तर एकाच वेळेत शिक्षक आणि विद्यार्थी दोघांच्या वाट्याला सावली येते. समुपदेशकाच्या दारात जाताना चार डोळे पाहतात. पारावर सरांशी बोलत बसलेल्या मुलाकडे कुणी वळून पाहत नाही. वेळापत्रकात जागा दिली की काय टिकतं याचं उदाहरण शेजारीच आहे. वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम. १९६९ मध्ये तिथे सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नव्या विद्यार्थ्यांचं शिबिर गांधीजींच्या आश्रमात भरतं. झाडांच्या आवारात राहणं, श्रमदान, प्रार्थना. ते मानसिक आरोग्यासाठी म्हणून योजलेलं नाही, पण इतकी वर्षं टिकलं याचं कारण स्पष्ट आहे: ते प्रवेशाच्या वेळापत्रकातच लिहिलेलं आहे, कुणाच्या हौसेवर सोडलेलं नाही.

आता सर्वात टोकदार आक्षेप. झाडाखाली बसवणं हा खरा खर्च टाळण्याचा मार्ग आहे, असं तो म्हणतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वात मोठा होता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. अशा वेळी प्राचार्यांनी समुपदेशकाऐवजी पार दाखवला तर तो निव्वळ पळपुटेपणा ठरेल, हे मी मान्य करतो. गंभीर नैराश्यावर निंबाची सावली हा उपचार नाही. त्याला माणूस लागतो, आणि माणसाने काय होतं याचा पुरावा विदर्भातच आहे: अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याची ओळख आणि प्राथमिक आधार घरापर्यंत पोचवला, आणि नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तेव्हा क्रम ठरलेला असावा: आधी समुपदेशक, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येक वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावलेला, मग सावली. पण सावलीचं गिऱ्हाईक वेगळं आहे. ती त्या मोठ्या संख्येसाठी आहे जी आजारी नाही, पण थकलेली आहे, आणि ज्यांच्यासाठी समुपदेशकाकडे कधीच वेळ नसणार. शिक्षकांच्या बाबतीत तर आक्षेप आणखी पुढे जातो. वरिष्ठ महाविद्यालयांत कितीतरी विषय तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक सांभाळतात. तासाला पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनची खात्री नाही. नेट-सेट, पीएचडी झालेल्या माणसाला या अवस्थेत ‘जरा झाडाखाली बसा, बरं वाटेल’ असं सांगणं क्रूर आहे. त्याचं उत्तर भरतीत आहे, झाडात नाही.

सुरक्षेचा प्रश्न शहरी लेखांमध्ये बहुधा निघत नाही; इथे तो टाळता येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात एका विद्यार्थ्याचा खून झाला आणि त्यानंतर विद्यार्थी रस्त्यावर आले ते आवारातला अंधार आणि अपुरी सुरक्षा यांबद्दल बोलत. अशा अनुभवानंतर प्रशासनाचा हात पहिल्यांदा झाडांवर पडतो. झुडपं साफ, फांद्या छाटा, मोकळं करा. पावसाळ्यात सापांचं भय, तेही खरंच. पण इथेही झाडी आणि सावली यांत फरक करावा लागेल. कमरेएवढं माजलेलं झुडूप दृष्टी अडवतं आणि साप लपवतं; आठ-दहा फुटांवर फांद्या सुरू होणाऱ्या निंबाखाली आरपार दिसतं. पार मुख्य इमारतीच्या आणि कार्यालयाच्या खिडक्यांच्या टप्प्यात असावा, दिवा असावा, आणि एक पार मुलींचा म्हणून आपोआप ठरला तर तसा ठरू द्यावा. एसटीची वाट पाहणाऱ्या मुलींना आज बहुतेक ठिकाणी बंद ‘लेडीज रूम’ एवढाच पर्याय असतो, ट्यूबलाइट आणि पंखा असलेला, खिडकीबाहेर भिंत असलेला. अल्रिक यांचे विटांची भिंत पाहणारे २३ रुग्ण इथे आठवतात. खिडकीची दिशा बदलणं खर्चाचं, पण त्या खिडकीसमोरच्या मोकळ्या पट्ट्यात रद्दीचं शेड न घालता एक करंज लावणं बिनखर्चाचं.

हे सगळं परदेशातल्या पुराव्यावर आणि इथल्या तर्कावर उभं आहे, आणि तेवढ्यावर थांबणं बरं नाही. मिशिगनच्या प्रयोगातली उलट अंकमालेची ती चाचणी घ्यायला यंत्र लागत नाही. महाविद्यालयातल्या मानसशास्त्राच्या पदवीच्या मुलांना ती प्रात्यक्षिक म्हणून करता येते. फेब्रुवारी ते एप्रिल, एका गटाने दुपारच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं पारावर काढायची, दुसऱ्याने व्हरांड्यात, तिसऱ्याने वर्गात मोबाइलवर. आधी-नंतर चाचणी, आणि त्या वेळचं तापमान बाजूला लिहायचं. कदाचित असं निघेल की पारा ४२ च्या पुढे गेला की निंबाखालीही काही साधत नाही आणि उपयोग होतो तो सकाळी दहापर्यंतच. ते कळलं तर सवड कुठल्या तासाला द्यायची ते ठरवता येईल. मोजणीत शिक्षकांनाही घ्यावं, कायम आणि तासिका तत्त्वावरचे, दोन वेगळ्या स्तंभांत. कायम शिक्षकांच्या स्तंभात फरक दिसला आणि दुसऱ्यात दिसलाच नाही, तर तो तक्ता ग्रीन ऑडिटच्या फायलीत न लावता सहसंचालक, उच्च शिक्षण यांच्याकडे पाठवावा.